बर्फाला फुटलेलें शिंग



शास्त्राच्या पुस्तकांत जे प्रश्न छापलेले असतात, त्यांचीं उत्तरेंही बहुधा त्याच पुस्तकांत कोठें तरी सांपडतात. म्हणून शिक्षकास त्यांचें भय वाटत नाहीं. भय वाटतें तें पुस्तकाबाहेरच्या प्रश्नाचें. असा एक प्रश्न गेल्या वर्षीं आमच्यापुढें आला. त्याचें उत्तर देतांना आम्हीं एक चूक केली, व ती भर वर्गांत केली. तेव्हां तिची कबुलीही चार लोकांच्या वाचनांत येईल अशाच जागीं द्यावी, असें आम्हांस वाटतें.

इयत्ता आठवींत पाण्याच्या गुणधर्मांचा पाठ चालला होता. पाणी गोठलें म्हणजे फुगतें, असें आम्ही सांगत होतों. तोंच मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्या घरच्या बर्फाला शिंग फुटतें.”

सारा वर्ग हंसला. आम्हांसही हंसूं आलें. “कसलें शिंग?” असें विचारतांच त्यानें आपल्या बोटाचीं दोन पेरें दाखविलीं. “एवढें, सर. फ्रिजमधल्या ट्रेंत पाणी ठेवलें कीं सकाळीं एखाद्या खणांतून सरळ वर आलेलें असतें. टोंकाला बारीक, बुडाशीं जाड.”

“वरून पाणी ठिबकलें असेल,” असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. दुसरे दिवशीं तो पुन्हां उभा राहिला. “सर, मीं नीट पाहिलें. वर ठिबकायला कांहींच नाहीं.” आतां आम्हांस गप्प राहणें शोभेना. आम्हीं घरीं जाऊन बर्फाचा ट्रे विहिरीच्या पाण्यानें भरला, फ्रीजरमध्यें ठेवला, आणि ओळीनें चार रात्रीं हाच प्रयोग केला. चारही दिवस सकाळीं साधा, मधोमध किंचित् उंचवटा असलेला बर्फ मिळाला. शिंग काय, शिंगाचा कोंभही दिसला नाहीं. मग आम्हीं वर्गांत जाऊन मोठ्या समाधानानें सांगितलें कीं, “आम्हीं चार वेळां प्रयोग करून पाहिला आहे. शास्त्रांत प्रयोगाला मान असतो, कल्पनेला नव्हे.”

तो मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्या दिवसापासून वर्गांतील टवाळ मुलें त्यास ‘शिंगवाला’ म्हणूं लागलीं, व पूर्वीं दर पाठाला दोन प्रश्न विचारणारा तो मुलगा पुढें प्रश्न विचारीनासा झाला. हें आमच्या ध्यानांत आलें होतें. परंतु त्याचें कारण आपणच आहों, हें आम्हीं मनास लावून घेतलें नाहीं.

असे कांहीं दिवस गेले. एका शनिवारीं सकाळीं शाळा सुटतां सुटतां तो आपल्या वडिलांस घेऊन आमच्या खोलीच्या दाराशीं उभा राहिला. वडिलांचें बाजारपेठेंत बॅटऱ्या दुरुस्त करण्याचें लहानसें दुकान आहे. त्यांच्या हातांत रुंद तोंडाचा थर्मास होता. ते म्हणाले, “सर, पोरगं खोटं बोलत नाही. तुम्ही एवढं बघून घ्या, मग काय ते बोला.” त्यांनीं झांकण काढलें. आंत बर्फाचे चौकोनी खडे होते, आणि त्यांतील एकावर सुमारें दीड इंच उंचीचा, किंचित् कललेला, कांचेसारखा स्वच्छ असा सुळका उभा होता.

आम्ही क्षणभर कांहींच बोललों नाहीं. मग आम्हीं तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशीं विचारावयास हवा होता: “ट्रेंत पाणी कोणतें घालतां?”

“नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, सर,” वडील म्हणाले. “ते पाणी प्यायलाच पुरत नाही. हा बर्फ माझ्या गुडघ्याला शेकायला लागतो, खायला नाही. म्हणून दुकानातल्या कॅनमधलं बॅटरीचं पाणी ओततो. फ्रिजही जुना आहे. थंड होतो, पण बेताचा.”

या दोन वाक्यांत साऱ्या कोड्याचें उत्तर होतें. तें कसें, हें आतां क्रमानें पाहूं.

बहुतेक पदार्थ पातळाचे घट्ट होतांना आकसतात. वितळलेलें मेण साच्यांत ओतून थंड होऊं दिलें तर त्याच्या मधोमध खळगा पडतो, हें मेणबत्त्या करणारांस ठाऊक असतें. पाण्याची रीत उलट आहे. तें चार अंशांपर्यंत थंड होतांना इतर पदार्थांप्रमाणें आकसतें. चार अंशांच्या खालीं मात्र फुगूं लागतें, आणि गोठतांना तर एकदम फुगतें. बर्फाच्या स्फटिकांत पाण्याचे कण षट्कोनी रचनेनें, मध्यें मोकळी जागा सोडून बसतात. म्हणून त्यांना जागा अधिक लागते. हिशेब सोपा आहे. अकरा भाग पाण्याचा सुमारें बारा भाग बर्फ होतो. ट्रेच्या एका खणांत २२ घन सेंटीमीटर पाणी असेल, तर त्याचा २४ घन सेंटीमीटर बर्फ होईल. हे जादा २ घन सेंटीमीटर कोठें तरी गेलेच पाहिजेत. खणाच्या बाजू व बूड तर बंद आहेत; वाट काय ती वरची.

आतां गोठण्याची क्रिया कोठून सुरू होते तें पाहूं. फ्रीजरमधील थंड हवा पाण्याच्या पृष्ठभागास लागते. शिवाय चार अंशांहून थंड झालेलें पाणी हलकें असल्यामुळें वरच राहतें. म्हणून बर्फ प्रथम वर धरतो, व तोही खणाच्या कांठापासून मध्याकडे सरकत जातो. दुधावर साय धरावी तसा हा पातळ पापुद्रा चोहोंकडून मध्याकडे येतो, आणि अखेरीस पृष्ठभागावर एक लहानसें भोंक तेवढें उघडें राहतें. त्याच वेळीं खणाच्या बाजूंवर व बुडाशींही बर्फ जमत असतो. म्हणजे मधलें पाणी बर्फाच्या डबींत कोंडलें जातें, आणि या डबीच्या भिंती आंतल्या बाजूस जाड होत जातात.

भिंती जाड होत गेल्या म्हणजे आंतील पाण्यास जागा पुरत नाहीं, आणि तें वरच्या भोंकांतून बाहेर ढकललें जातें. भोंकाच्या तोंडाशीं पाण्याचा लहानसा फुगवटा दिसूं लागतो. या फुगवट्याची कड थंड हवेंत व बर्फाला लागून असते. म्हणून ती आधीं गोठते. मध्यभाग मात्र पातळच राहतो. अशा रीतीनें भोंकाभोंवतीं बर्फाचें एक कडें तयार होतें. आंतून आणखी पाणी येतें, कड्याच्या वर फुगतें, आणि पुन्हां त्याची कड गोठते. गवंडी विहिरीचा कठडा थरावर थर देऊन जसा उंच नेतो, तशी ही बर्फाची पोकळ नळी वर चढत जाते. नळीच्या टोंकाचें पाणी गोठून तोंड बंद झालें, किंवा खणांतील पाणी संपलें, म्हणजे वाढ थांबते. जो सुळका आपणांस सकाळीं भरीव दिसतो, तो वाढत असतांना पाण्यानें भरलेली नळी असतो.

हा सुळका पुष्कळदां तिकोनी असतो, व सरळ उभा न राहतां कललेला असतो. याचें कारणही स्फटिकांतच आहे. पृष्ठभागावर जे बर्फाचे पापुद्रे एकमेकांस भेटतात, त्यांच्या कडा षट्कोनी रचनेस अनुसरून ६० अंशांचा कोन करूं पाहतात. म्हणून उरलेलें भोंकही पुष्कळदां तिकोनी राहतें, आणि नळी त्याच आकारानें वर जाते.

कोणी शंका घेईल कीं, एवढ्या मोठ्या सुळक्यास पाणी पुरतें कसें? पांच मिलिमीटर जाड व पांच सेंटीमीटर उंच असा गोल सुळका धरला, तर त्याचें घनफळ सुमारें एक घन सेंटीमीटर भरतें. आपल्या वरच्या हिशेबांत दोन घन सेंटीमीटर जादा आलेच होते. तेव्हां जादा बर्फाच्या निम्म्यांतच एवढा सुळका उभा राहूं शकतो.

ही उपपत्ति नवी नाहीं. डॉर्सी या संशोधकानें १९२१ सालीं व बॅली यानें १९३३ सालीं अशा बर्फाविषयीं लिहिलें, आणि दोघांच्या नांवावरून तिला ‘बॅली-डॉर्सी उपपत्ति’ असें म्हणतात. थंड देशांत हिवाळ्यांत, पक्ष्यांस पाणी पिण्यासाठीं बागेंत ठेवलेल्या उथळ पात्रांतूनही असे सुळके उगवलेले लोकांनीं पाहिले आहेत. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचें शिंग कांहीं फ्रिजचा चमत्कार नव्हे.

परंतु एक प्रश्न उरतोच. हें सर्व पाण्याच्या स्वभावानेंच होत असेल, तर दर घरीं, दर खणांत शिंग कां फुटत नाहीं? आमच्या चार रात्रींत एकही कां फुटलें नाहीं? याचा कसून शोध अमेरिकेंत पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत केनेथ लिब्रेक्ट व त्यांचे सहकारी लुई यांनीं घेतला, व तो २००४ सालीं प्रसिद्ध केला. हिमकणांच्या आकृतींचा अभ्यास करणारे म्हणून लिब्रेक्ट यांचें नांव प्रसिद्ध आहे. त्यांनीं हवेची थंडी, हवेची हालचाल, पाण्यांतील क्षार आणि भांड्याचा आकार या गोष्टी बदलून पाण्याचे ट्रे गोठविले, व किती खणांत सुळका येतो तें मोजलें. त्यांस तीन गोष्टी मुख्य आढळल्या. हवा शून्याखालीं सुमारें ७ अंश असावी. हवा खेळती असावी. आणि पाणी शुद्ध असावें. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर साध्या ट्रेच्या सुमारें निम्म्या खणांत सुळके येतात. उलट पाण्यांत थोडेसेच क्षार विरघळलेले असले, तरी सुळके येण्याचा संभव अगदीं कमी होतो.

थंडीचें मर्म समजणें कठीण नाहीं. सुळका वाढण्यास कड गोठली पाहिजे, पण मध्य उघडा राहिला पाहिजे. थंडी फार कडक असली तर भोंक लवकर बुजतें. थंडी फारच सौम्य असली तर बाहेर आलेल्या पाण्याची कड वेळेवर गोठत नाहीं. खेळत्या हवेनें बाष्पीभवन वाढतें, त्यामुळें पृष्ठभाग अधिक थंड होतो, व कड गोठण्यास साहाय्य मिळतें. लक्षांत ठेवा कीं, एक ग्रॅम पाणी गोठतांना सुमारें ८० कॅलरी गुप्त उष्णता बाहेर टाकतें; ही उष्णता कोणी तरी वाहून नेल्यावांचून कडेचें पाणी गोठणार नाहीं.

क्षारांची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे. बर्फाचा स्फटिक आपल्या रचनेंत परक्या पदार्थास सहसा जागा देत नाहीं. खारट पाणी गोठूं लागलें म्हणजे मीठ उरलेल्या पाण्यांत मागें राहतें, व तें पाणी अधिक खारट होतें. सुळक्याच्या टोंकाशींही हेंच घडत असावें, असें वरील संशोधकांचें म्हणणें आहे. तेथें जी कड गोठते, तिनें बाहेर टाकलेले क्षार टोंकावरच्या त्या लहानशा थेंबांतच सांचतात. आणि क्षार सांचले म्हणजे पाणी गोठण्यास अधिक थंडी लागते. मग कड गोठत नाहीं, थर चढत नाहीं, व सुळका खुंटतो.

आतां आमच्या विहिरीचें पाणी कसलें, तें सांगणें नकोच. आपला दख्खनचा मुलूख काळ्या बेसाल्ट खडकाचा. या खडकांतून झिरपून आलेल्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. चहाच्या भांड्यांत व पाणी तापविण्याच्या बंबांत जो पांढरा थर बसतो, तो याचाच साक्षीदार. हें पाणी उकळलें तरी त्यांतील कांहीं क्षारच खालीं बसतात, सर्व जात नाहींत. बॅटरींत मात्र क्षार चालत नाहींत. म्हणून तिच्यासाठीं विकत मिळतें तें पाणी क्षार काढलेलें, शुद्ध असतें. तेव्हां आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं योगायोगानें दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. पाणी जवळजवळ निर्मळ होतें, आणि जुन्या फ्रिजची थंडी बेताची होती. आमच्या घरीं पाणी जड होतें, आणि उत्तम बर्फ व्हावा म्हणून आम्हीं फ्रीजरची कळ अगदीं शेवटच्या आंकड्यावर फिरविली होती. घरगुती फ्रीजर साधारणतः शून्याखालीं १८ अंशांवर चालावा असा केलेला असतो. आम्हीं त्यास आणखी जोर दिला. म्हणजे सुळका येऊं नये अशी सर्व तजवीज करून आम्हीं सुळका शोधला, व तो न मिळाल्याबद्दल एका मुलास खोटें पाडलें!

सोमवारीं वर्गांत गेल्याबरोबर पाठ उघडण्यापूर्वीं आम्हीं त्या मुलास पुढें बोलाविलें, व सर्वांसमक्ष सांगितलें कीं, चूक त्याची नव्हती, आमची होती. मग वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंची परवानगी घेऊन तेथील फ्रीजरची थंडी आम्हीं कमी केली. एकसारखे दोन ट्रे घेतले. एकांत विहिरीचें पाणी भरलें, दुसऱ्यांत त्याच मुलाच्या दुकानचें बॅटरीचें पाणी. कोणता ट्रे कोणता, हें कागदावर लिहून ठेवलें. दुसरे दिवशीं सकाळीं प्रार्थनेच्या घंटेआधींच अर्धा वर्ग स्वयंपाकघराच्या दारांत उभा होता. विहिरीच्या पाण्याचा ट्रे सपाट निघाला. दुसऱ्या ट्रेमध्यें कांहीं खणांतून लहानमोठे सुळके उभे होते. ते दोन्ही ट्रे त्या मुलानेंच बांकाबांकावरून फिरविले. ‘शिंगवाला’ हें नांव पुढेंही राहिलें, परंतु आतां तें हांक मारणाराच्या तोंडीं निराळ्या स्वरांत येऊं लागलें.

आमच्या चुकीचें नेमकें रूप काय होतें, याचा आम्हीं मागाहून विचार केला. आमचा प्रयोग खोटा नव्हता; चारही रात्रीं सुळका आला नाहीं, हें खरेंच होतें. परंतु त्या प्रयोगानें एवढेंच सिद्ध झालें होतें कीं, ‘या विहिरीच्या पाण्यांत, एवढ्या कडक थंडींत, आमच्या ट्रेंत सुळका आला नाहीं.’ त्यावरून आम्हीं ‘सुळका येतच नाहीं’ असें अनुमान केलें. प्रयोग लहान होता, आणि निष्कर्ष त्याच्या अंगाहून मोठा शिवला होता. दुसऱ्यानें पाहिलेली गोष्ट आपणांस दिसली नाहीं, तर प्रथम त्याची व आपली परिस्थिति ताडून पाहावी, व मगच बोलावें. पाणी कोणतें, हा प्रश्न पहिल्या दिवशीं विचारण्यास आम्हांस अर्धें मिनिटही लागलें नसतें.

ज्यांस हा प्रयोग घरीं करावयाचा असेल, त्यांच्यासाठीं चार सूचना देऊन ठेवतों. ट्रे प्लॅस्टिकचा, स्वच्छ धुतलेला व शेवटीं शुद्ध पाण्यानेंच खळबळलेला असावा. फ्रीजरची थंडी घरच्या माणसांस विचारून कमी करावी, आणि प्रयोग संपतांच कळ पूर्ववत् फिरवावी. नाहीं तर आंतील पदार्थ नासतील. पाणी गोठत असतां ट्रे हलवूं नये. बॅटरीचें पाणी पिण्यासाठीं नव्हे. त्याचा बर्फ सरबतांत टाकूं नये. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कांचेची बाटली तोंडापर्यंत भरून, बूच घट्ट लावून फ्रीजरमध्यें कधींही ठेवूं नये. ट्रेंतील पाण्यास वर भोंक सांपडतें म्हणून त्याचा सुळका होतो. बाटलींतील पाण्यास तशी वाट नसते, म्हणून तें बाटलीच फोडतें. थंड मुलखांत हिवाळ्यांत घरांतील नळ फुटतात तेही याच कारणानें.

दोन्ही ट्रे वर्गांत फिरवून झाल्यावर तो मुलगा आपल्या जागीं जाऊन बसला, व लगेच पुन्हां उभा राहिला. “सर, आतां पुष्कळ घरीं आर. ओ.चें पाणी असतें. त्याला शिंग फुटेल का?” बरेच दिवसांनीं त्यानें विचारलेला हा पहिला प्रश्न होता. आर. ओ.नें पुष्कळसे क्षार जातात, परंतु सर्व जात नाहींत. तेव्हां उत्तर प्रत्येक घरच्या यंत्रावर व पाण्यावर अवलंबून राहील, एवढेंच आम्ही सांगूं शकलों. या वेळीं आम्हीं त्यास खालीं बसविलें नाहीं. फळ्यावर त्याचा प्रश्न लिहिला, आणि ज्यांच्या घरीं आर. ओ.चें यंत्र आहे अशा सर्व मुलांनीं आपापल्या ट्रेंत पाहून, पाणी, थंडी व सुळक्यांची संख्या वहींत लिहून आणावी, असें सांगितलें. वाचकांपैकीं ज्यांस शक्य असेल त्यांनींही पाहावें, आणि सुळका आला नाहीं तरी तसें लिहून ठेवावें. मात्र त्याशेजारीं पाणी कोणतें होतें, हें लिहिण्यास विसरूं नये.